रेस्क्यू केलेला कुत्रा घरी आणताय? नागपूरकरांसाठी पहिल्या दिवसापासूनची माहिती

थंडी पडायला लागली की नागपुरात व्हॉट्सअ‍ॅपवर पिल्लांचे फोटो सुरू होतात. मानेवाड्यात नालीत सापडली, हुडकेश्वर रोडवर आई गाडीखाली आली, बेसा साइडला कोणीतरी खोक्यात घालून सोडून गेलं, अर्जंट घर पाहिजे. फोटो बघून जीव कळवळतो, लोक अर्ध्या तासात हो म्हणतात, आणि मग त्यातले काही कुत्रे पंधरा दिवसांत परत येतात कारण पुढे काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नसतं. मी रेस्क्यू झालेले कुत्रे त्यांना घर मिळेपर्यंत माझ्याकडे ठेवते आणि घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला जे तोंडी सांगते तेच इथे लिहून काढते आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगून टाकते. रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याला पहिले काही आठवडे लाडापेक्षा शांतता जास्त लागते. तुम्ही प्रेमाने जे जे करायला जाल, कुशीत घेणं, आंघोळ घालणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवणं, ते त्याच्यासाठी त्या वेळी भीतीचं असतं. हे एवढं डोक्यात पक्कं असलं तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

आधी घरात बसून बोला

कुत्रा आणायचा की नाही हे एकट्याने ठरवू नका. बारा-चौदा वर्षांचा प्रश्न आहे हा. दहावीतल्या मुलाने हट्ट केला म्हणून आणला आणि तो मुलगा दोन वर्षांनी पुण्याला शिकायला गेला, मग कुत्रा कोणाचा? सकाळी कोण फिरवणार, ऑफिस मिहानला असेल तर दिवसभर घरात कोण, लग्नासाठी चार दिवस यवतमाळला गेलात तर कोणाकडे ठेवणार, ही नावं ठरवूनच ठेवा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा, नंतर कळलं तर कुत्रा आणि तुम्ही दोघंही अडचणीत.

आजी-आजोबांचा विरोध बऱ्याच घरात असतो, देवघर आहे, स्वयंपाकघर आहे, केस पडतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचंही घर आहे ते. देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं छोटं फाटक लावा आणि कुत्र्याला तिथे जायची सवयच लावू नका. कुत्रे हद्द फार पटकन शिकतात, फक्त सगळ्यांनी तोच नियम पाळला पाहिजे, एकाने आत घ्यायचं आणि दुसऱ्याने हाकलायचं असं चालत नाही. माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त विरोध करणारी आजीच पुढे दुपारी त्याच्याशी बोलत बसते, पण त्या भरवशावर आणू नका, आधी त्यांचा होकार घ्या.

पिल्लू की मोठा

सगळ्यांना पिल्लूच पाहिजे असतं. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांनी दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा घ्यावा. मोठा कुत्रा जसा आहे तसा समोर दिसतो, अंगाने किती होणार, मुलांशी कसा, मांजर चालते का, एकटा राहतो का. पिल्लाचं यातलं काहीच माहीत नसतं, शिवाय पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि दात येताना चपला, वायर, सोफ्याचे कोपरे सगळं चावून निघतं. दोघंही नोकरी करत असाल तर पिल्लू घेऊच नका, त्याचे हाल होतात.

तरी पिल्लूच घ्यायचं ठरलं तर आई जिवंत असताना आठ आठवड्यांच्या आत तिच्यापासून तोडू नका. भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे पिल्लू याच दिवसांत शिकतं, महिन्याभराचं उचललेलं पिल्लू पुढे हातापायाला कडाडून चावतं आणि मग लोक म्हणतात डेंजर निघालं. आई नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फॉस्टर, म्हणजे घर मिळेपर्यंत पिल्लू सांभाळणारा माणूस, आणि डॉक्टर सांगतील तसं दूध द्या. गाईचं दूध बाटलीने पाजू नका, हगवण लागते आणि लहान जीव त्यातच जातो.

अजून एक. मादी पिल्लं आणि काळे कुत्रे मागे राहतात. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणारे खूप लोक आहेत पण काळं पिल्लू घरी न्यायचं म्हटलं की नाही म्हणतात. मादी नको कारण पिल्लं होतील, तर तिचं ऑपरेशन करता येतं ना. माद्या घरात फार छान राहतात. तीन पायांचे कुत्रे, एक डोळा गेलेले कुत्रे, हेही बघा. वर्धा रोड, अमरावती रोडला गाड्यांखाली येऊन पाय गेलेले कितीतरी कुत्रे आहेत, आणि तीन पायांवर ते जिना चढतात, पळतात, त्यांना काही कमी वाटत नाही.

कुठून घ्यायचा

शहरात फॉस्टर करणारे बरेच जण आहेत, तुमच्या गल्लीत रोज कुत्र्यांना खायला घालणारी जी ताई किंवा काका असतील त्यांनाच विचारा, त्यांना प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव माहीत असतो. आणि खरं तर सगळ्यात चांगला कुत्रा तुमच्या चौकातच असतो, जो दोन वर्षांपासून तुम्हाला बघून शेपूट हलवतो तो. त्याची तुमची ओळख झालेलीच आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की प्राणीप्रेमी लोक मनपाकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेऊ शकतात, त्याला टॅग लावून देतील, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे घेतला की घेतला.

भेटायला एकदा नाही, दोन-तीनदा जा, घरातल्या सगळ्यांनी जा. देणारे लोक खूप प्रश्न विचारतात, घर बघायला येतात, फॉर्म भरून घेतात, ऑपरेशन करणार असं लिहून घेतात. राग मानू नका. तुम्हीही विचारा: कुठे सापडला, आजार कोणते झाले, कोणती लस कधी झाली, खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का, पुरुषांना घाबरतो का, काठी किंवा झाडू बघून दबतो का. लसीचं कार्ड हातात घ्या. एका कानाच्या टोकाला कट असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, मनपाच्या नसबंदी मोहिमेत ती खूण करतात. आणि ऑनलाइन कोणी लॅब्राडोर फुकट देतो फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा म्हणत असेल तर पाठवू नका, कुत्रा येत नाही आणि पैसेही जातात.

आणण्याआधी घरात काय लागतं

जास्त नाही. दोन जड भांडी, स्टीलची, उलटी न होणारी. जुनी चादर किंवा सतरंजी. गळपट्टा, त्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला, हार्नेस आणि दोरी. साखळी नको, जड असते आणि आवाजाने नवा कुत्रा दचकतो.

हार्नेसचं जरा सविस्तर सांगते, कारण नवे कुत्रे सगळ्यात जास्त हरवतात ते पहिल्याच आठवड्यात. घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, तो मागे मागे सरतो, मान खाली घालतो आणि एका झटक्यात गळपट्टा कानांवरून निघून जातो. तुमच्या हातात नुसता पट्टा आणि कुत्रा पार चौकापलीकडे. म्हणून पहिला महिनाभर गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला आणि दोन्हीला दोरी अडकवा, पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जातील एवढा घट्ट ठेवा. गेटला कडी, आणि दार उघडायच्या आधी कुत्रा कुठे आहे ते बघायची घरात सगळ्यांना सवय लावा, दूधवाला आणि कचऱ्याची गाडी येते तेव्हा तर नक्कीच.

जागा म्हणाल तर एक कोपरा, जिथून ये-जा नाही. दिवाणाखाली, जिन्याखाली, टेबलाच्या मागे. गच्चीवर नको, टिनाच्या शेडमध्ये तर अजिबात नको. संक्रांतीच्या दिवसात गच्चीवर नायलॉन मांजाचे गुंते पडलेले असतात, बंदी आहे पण मिळतो, तो पायात अडकतो किंवा पोटात जातो.

पहिला दिवस

गाडीने आणा, दुचाकीच्या पायदानावर बसवून नको. उन्हाळा असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा. घरात शिरायच्या आधी बाहेर थोडं फिरवून शू करू द्या, मग दोरी लावूनच आत घ्या आणि सरळ त्याच्या कोपऱ्याकडे न्या, तिथे पाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

बास. एवढंच. ओवाळायचं असेल तर ते चार दिवसांनी. आंघोळ पण नको, फारच घाण असेल तर ओल्या कपड्याने पुसून घ्या. पाहुणे नको, शेजारचे पोट्टे नको, मोबाइल तोंडासमोर धरून व्हिडिओ नको.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला घर ही गोष्टच नवी असते हे आपल्या लक्षात येत नाही. गुळगुळीत टाइल्सवर तो पहिल्यांदा पाऊल ठेवतो तेव्हा चारही पाय चार दिशांना जातात, नखं रुतवायला बघतो, रुतत नाहीत, मग तो भिंतीला अंग घासत घासत सरकतो किंवा आहे तिथेच बसून थरथरतो. लोकांना वाटतं आजारी आहे. दारापासून त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोती नाहीतर सतरंज्या टाकून द्या, अर्ध्या तासात चालायला लागतो. तसंच वर फिरणारा पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी, फ्लशचा आवाज. जिना तर काही कुत्र्यांना चढता येतो पण उतरता येत नाही. ओढू नका, एकेका पायरीवर चिकनचा तुकडा ठेवा आणि वेळ द्या.

पहिल्या दिवशी बरेच कुत्रे खात नाहीत, दिवाणाखालून बाहेर येत नाहीत, आणि रात्री सगळे झोपले की उठून पाणी पितात, घरभर फिरून वास घेतात. ते करू द्या, लाइट लावू नका, हाक मारू नका. पाणी पितो आहे तोवर एक-दीड दिवस नाही खाल्लं तरी मोठ्या कुत्र्याला चालतं. पण लहान पिल्लू खात नसेल, किंवा कोणीही उलट्या-जुलाब करत असेल तर वाट बघू नका.

पहिले तीन आठवडे, पहिले तीन महिने

रेस्क्यूवाले लोक सांगतात की तीन दिवसांत कुत्रा जरा श्वास घेतो, तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. अंदाजच आहे हा, मारहाण सोसलेल्याला जास्त लागतं, पण लोकांना दिलासा देण्यासाठी मला हे फार उपयोगी पडतं, कारण दहाव्या दिवशी फोन येतोच की ताई हा तर प्रेमच नाही करून राहिला. करेल. तुम्ही जमिनीवर बसा, पाठ किंवा बाजू त्याच्याकडे करून, पुस्तक वाचा, भाजी निवडा. डोळ्यात डोळे घालून बघू नका. तो येऊन वास घेईल, हात हुंगेल. हनुवटीखाली, छातीवर खाजवा, डोक्यावरून हात आणू नका, वरून येणारा हात त्याने मारायलाच आलेला बघितलेला असतो.

शू-शीसाठी वेळ ठरवा: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपायच्या आधी. मोठे कुत्रे माती-गवतावर करायला सरावलेले असतात म्हणून ते घर घाण कमी करतात, उलट त्रास असा होतो की दोरी लावली की करतच नाहीत, फिरवून फिरवून आपण दमतो आणि तो रोखून धरतो. रोज त्याच जागी न्या, उभे राहा, मोबाइलमध्ये बघा, त्याच्याकडे नको. केलं की लगेच शाबासकी आणि खाऊ. घरात केलं तर मारू नका, तोंड त्यात घासू नका, आपल्याकडे हे अजूनही करतात आणि त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की या माणसासमोर शू करायची नाही, मग तो दिवाणामागे करतो. नुसतं फिनाइल फिरवून वास जात नाही, व्हिनेगर आणि पाण्याने पुसा. फिनाइलने पुसलीच तर फरशी सुकेपर्यंत त्याला लांब ठेवा, तो पाय चाटतो.

एकटं राहायची सवय पहिल्या आठवड्यातच सुरू करा. पाच मिनिटं बाहेर जा, या. मग पंधरा, मग तास. जाताना मिठ्या मारून निरोप नको, आल्यावर धिंगाणा नको. सुट्टी काढून पंधरा दिवस चोवीस तास सोबत राहिलात आणि सोळाव्या दिवशी सरळ नऊ तास गेलात तर तो दार कुरतडेल, रडेल, आणि शेजारी बोलतील ते वेगळंच.

गुरगुरण्याबद्दल. गुरगुरला तर रागवू नका. गुरगुरणं म्हणजे तो सांगून राहिला की मला भीती वाटते, लांब हो. त्याच्या आधीही तो सांगत असतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्याचं पांढरं दिसतं, शेपूट पोटाखाली जाते. हे घरातल्या मुलांना शिकवा. गुरगुरल्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट चावतो. खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांसाठी कायमचा. लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत मोठं माणूस नसताना सोडायचे नाहीत, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

डॉक्टर

पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी. तुमच्या भागातला चांगला प्रायव्हेट डॉक्टर शोधून ठेवा, आणि सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, माफसूचा, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा, हे कॉलेज १९५८ पासून आहे, मोठ्या तपासण्या आणि ऑपरेशनसाठी दूरदूरचे लोक तिथे येतात. सकाळी लवकर गेलेलं बरं. एक वही करा, त्यात लस, जंताचं औषध, वजन सगळं लिहीत जा.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो, डिस्टेंपर वगैरेची एकत्र लस सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दर वर्षी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नका. पार्वो फार वाईट आजार आहे. पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या, मग रक्ताचे घाण वासाचे जुलाब, आणि पाणी कमी होऊन दोन-तीन दिवसांत जातं. लगेच सलाइन सुरू झालं तर वाचतात. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलं तिथे तो विषाणू कित्येक महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही, ब्लीचने फरशी धुवावी लागते, आणि तिथे लस न झालेलं पिल्लू लगेच आणू नये. मोठ्या कुत्र्याच्या लसीचा पत्ता नसेल तर डॉक्टर पहिल्यापासून देतात.

आपल्याकडे मोठ्या कुत्र्यांचा खरा शत्रू गोचीड. कानाच्या आत, कानामागे, पायाच्या बोटांच्या फटीत, शेपटीखाली, रोज बोटांनी चाचपून बघा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडीच्या बीसारखी दिसते, बारकी पिल्लं तिळापेक्षाही लहान. चिमट्याने कातडीला लागून पकडायची आणि सरळ वर ओढायची, रॉकेल टाकून जाळायची नाही, बोटाने चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. कुत्र्याला औषध लावून भागत नाही कारण गोचीड बराचसा वेळ भिंतीच्या फटीत, दिवाणाच्या सांध्यात, कुंड्यांच्या मागे असते, तिथली सफाईही करावी लागते. गाई-म्हशीचं गोचीडाचं औषध अंदाजे बादलीत टाकून अंगावर ओतू नका, विषबाधा होते. गोचीडतापात कुत्रा खाणं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर बरा होतो, कोर्स मात्र महिनाभराचा असू शकतो आणि तो अर्धवट सोडायचा नाही. क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असलं माणसांचं काही देऊ नका, जीव जाऊ शकतो.

नसबंदी करून घ्या, नर असो की मादी. सहा महिन्यांनंतर डॉक्टर वय आणि तब्येत बघून सांगतात. टाके सुकेपर्यंत दहा-चौदा दिवस गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून ठेवायचा, म्हणजे त्याला जखम चाटता येत नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी काढायचा नाही.

आणि कुत्रा चावला, घरचा असो की बाहेरचा, नुसतं खरचटलं तरी, नळाखाली वाहत्या पाण्यात साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मेयो हॉस्पिटल किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना पूर्ण करायची. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं. रेबीजची लक्षणं सुरू झाली की उपाय नाही, म्हणून इथे चालढकल नको.

खाणं

दूध-पोळीवर कुत्रा जगतो पण तब्येत राहत नाही. भात किंवा पोळीसोबत उकडलेलं चिकन, अंडी, थोडं दही, उकडलेला भोपळा, गाजर असं द्या, मीठ-मसाला न घालता. घरात मांसाहार चालत नसेल तर तयार ड्राय फूड सोपं पडतं. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू बदला. मोठ्याला दोन वेळा, पिल्लाला तीन-चार वेळा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. सावजीची उरलेली हाडं तर अजिबात नाही, तिखट-तेल एक आणि शिजलेलं हाड फुटून त्याचे काटे आतड्यात रुततात ते दुसरं.

नागपूरचा उन्हाळा

हा भाग वेगळा लिहिते कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत हे नसतं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. मार्चच्या शेवटापासून फिरणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. डांबर सूर्य बुडल्यावरही तापलेलंच असतं, हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा, नाही ठेववत तर त्याचे पायही भाजतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर त्याला नुसतं शू करायला खाली न्या आणि आणा. लागोपाठ धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणं, उलटी, ही ऊन लागल्याची लक्षणं. सावलीत न्या, अंगावर, पोटावर, पायांवर नळाचं पाणी टाका, पंखा लावा, थोडं थोडं पाणी पिऊ द्या, जबरदस्ती नको, बर्फात बुडवू नका, आणि अंग ओलं असतानाच डॉक्टरकडे पळा.

कूलरसमोर तो स्वतःच जाऊन झोपेल. पण लोखंडी कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, दरवर्षी सीझन सुरू होताना. कूलरमध्ये करंट उतरून माणसं दगावतात तशीच जनावरंही, आणि कुत्रा ओल्या नाकाने, ओल्या पायाने त्याला टेकतो, टाकीतलं पाणी प्यायला तोंड घालतो. टाकीपर्यंत पोचणार नाही अशी आड घाला. जून-जुलैमध्ये उमस सुरू झाली की कूलरने गार होत नाही, दमटपणा वाढतो, तेव्हा खिडकी उघडून नुसता पंखा लावा. आणि लाइट गेली तर बंद घरात काय होईल याचा विचार करून बाहेर पडा.

दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडक्या बंद करून, टीव्ही लावून बसा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीकडे राहत असाल तर तेच. दोरी या दिवसांत दुहेरीच.

गल्लीतले कुत्रे आणि सोसायटी

नव्या कुत्र्याला घेऊन निघालात की गल्लीतले कुत्रे अंगावर येतात, त्यांचा इलाखा आहे तो. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने जा, थांबू नका, पळू नका, दोरी ताणून धरू नका. त्यांना खायला घालणाऱ्याला पहिले काही दिवस सोबत चालायला सांगा, यासारखा उपाय नाही. महिन्याभरात ते नुसते मान वर करून बघतात.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्ये तसं परिपत्रक काढलेलं आहे. पण कागद दाखवायची वेळ येऊ न देणं आपल्याच हातात असतं: शी उचला, प्रत्येक वेळी उचला, लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर दुसऱ्या फेरीने जा, रात्री भुंकू देऊ नका. कुत्र्याच्या लायसन्सचं आपल्या झोन ऑफिसला जाऊन विचारा, मनपाचे दहा झोन आहेत, रेबीज लसीचं कार्ड सोबत न्या.

खायला घालणाऱ्यांबद्दल लोक अजूनही मला म्हणतात की हायकोर्टाने सांगितलंय घरी न्या नाहीतर दंड. तो आपल्या नागपूर खंडपीठाचा ऑक्टोबर २०२२ चा आदेश होता, आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दंडाच्या भागाला स्थगिती दिली, खायला घालणाऱ्याने दत्तक घेतलंच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही असंही म्हटलं. २०२५ च्या आदेशाप्रमाणे आता ठरवून दिलेल्या जागी खायला घालायचं आहे. कोणी दबाव आणला म्हणून कुत्रा घरी नेऊ नका, तुम्हाला पाहिजे असेल तरच न्या.

नाहीच जमलं तर, आणि गावी जाताना

कधी कधी खरंच जमत नाही, मुलाला अ‍ॅलर्जी निघते, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याशी रक्त निघेपर्यंत भांडणं होतात. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन करा, लाजू नका, ते ऐकून घेतील. गोरेवाड्याकडे किंवा हायवेला नेऊन सोडू नका. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात राहिलेला कुत्रा अनोळखी इलाख्यात तग धरत नाही, तिथले कुत्रे फाडतात नाहीतर तो गाडीखाली येतो.

ट्रेनने न्यायचा असेल तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच डब्यात सोबत नेता येतो, थ्री टायर, टू टायर, स्लीपरमध्ये चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा, तो उन्हाळ्यात मी कोणालाच सुचवत नाही. बुकिंग स्टेशनच्या पार्सल ऑफिसला होतं, गाडीच्या दोन-तीन तास आधी जा, लसीचं कार्ड आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट न्या. नवा कुत्रा असेल तर पहिले तीन महिने गावी नेऊच नका, घरातल्या कोणीतरी एकाने मागे थांबा.